लेश-नायहन विकार : कारणाचा शोध आणि उपचाराची मर्यादा

प्रस्तावना

रोगाचे कारण सापडले की उपचाराची वाट मोकळी होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लेश-नायहन विकाराचा इतिहास या समजुतीची मर्यादा दाखवितो. सुमारे ३,८०,००० जन्मांमागे एका बालकात आढळणाऱ्या या आनुवंशिक चयापचय विकारात मूल स्वतःचेच ओठ व बोटे चावून जखमी करते. प्रस्तुत लेखात या विकाराच्या शोधाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

विकाराची ओळख

जन्मजात चयापचय दोषांची संकल्पना ब्रिटिश वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ मध्ये व्याख्यानांतून मांडली. त्यांची उदाहरणे लघवी काळी पडणे, मुतखडे होणे, अंगात रंगद्रव्य नसणे अशी शारीरिक स्वरूपाची होती. वर्तनाचा प्रश्न पुढे आला तो १९६४ मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यकीय विद्यार्थी मायकेल लेश आणि बालरोगतज्ज्ञ विल्यम नायहन यांनी त्या वर्षी दोन सख्ख्या भावांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एका भावाच्या लघवीतील स्फटिक यूरिक अम्लाचे निघाले. हे अम्ल शरीरात प्रमाणाबाहेर तयार होणे, हालचालींवर ताबा नसणे आणि स्वतःला चावणे, ही लक्षणे एकाच विकाराची आहेत, हे त्यांनी ओळखले.

कारणाचा शोध

१९६७ मध्ये एडविन सीगमिलर, फ्रेडरिक रोझेनब्लूम व विल्यम केली यांनी या रुग्णांत प्युरीन द्रव्यांचा पुनर्वापर करणारे एक विकर जवळजवळ नसते, असे सिद्ध केले. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने बाधा मुख्यत्वे मुलग्यांना होते. आई बहुधा स्वतः निरोगी, परंतु वाहक असते.

उपचाराची मर्यादा

गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेले अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध यूरिक अम्ल कमी करते. त्यामुळे मुतखडे, सांधेदुखी व मूत्रपिंडाची हानी रोखता येते. मात्र ते जन्मापासून दिले तरी चावणे थांबत नाही. म्हणजेच रक्तातील यूरिक अम्ल हे या वर्तनाचे कारण नव्हे. १९८१ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूच्या तपासणीत डोपामिनची लक्षणीय कमतरता आढळली. परंतु ही कमतरता आणि चावण्याची ऊर्मी यांचा नेमका संबंध अद्याप उलगडलेला नाही.

परिणामी हातांना बांध घालणे, प्रसंगी दात काढणे, हेच उपाय उरले. बाहेरून क्रूर वाटणाऱ्या या बंधनाविषयी रुग्णांची भावना वेगळी असते. त्यांना वेदना जाणवतात. बांध सोडला की ती भयभीत होतात आणि पुन्हा बांधण्याची मागणी करतात. आपलाच हात आपल्याला इजा करील, हे त्या मुलांना ठाऊक असते.

समारोप

या शोधाने मूल बरे झाले नाही. तथापि तो निष्फळही ठरला नाही. वर्तनाचे मूळ मुलाच्या हट्टात किंवा आईच्या संगोपनात नसून एका विकराच्या अभावात आहे, हे प्रस्थापित झाले. आनुवंशिकतेचा उलगडा झाल्यामुळे आईवर नवा दोष येण्याचा धोका मात्र उरतो. जनुकाची वाहक असणे हा अपराध नव्हे, हे समाजाला समजावणे हे प्रयोगशाळेबाहेरचे काम आहे. औषधाने न सुटलेल्या या प्रश्नात वैद्यकशास्त्राइतकीच समाजशास्त्र व नीतिशास्त्र यांचीही जबाबदारी आहे.