इंद्रजालचा वेताळ आणि ‘द फॅण्टम’ (१९९६) : मराठी वाचकाच्या दृष्टीतून

चित्रकथेवरून चित्रपट निर्माण होतो तेव्हा जुन्या वाचकाची नाराजी बहुधा स्मरणरंजन म्हणून बाजूला सारली जाते. सायमन विन्सर दिग्दर्शित ‘द फॅण्टम’ (१९९६) या चित्रपटाकडे इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी वाचकाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र या नाराजीमागे भाषांतराचा आणि वाचनसंस्कृतीचा एक दुर्लक्षित इतिहास असल्याचे ध्यानात येते.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ पासून ही चित्रमालिका वृत्तपत्रांतून सुरू केली. सुपरमॅन व बॅटमॅन यांच्याही आधीचा हा मुखवटाधारी नायक. त्याच्यापाशी कोणतीही अलौकिक शक्ती नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून बचावलेल्या एका तरुणाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली आणि ती पित्याकडून पुत्राकडे येत एकविसाव्या पिढीपर्यंत पोहोचली. वेष तोच राहिल्यामुळे लोक त्याला अमर समजतात. त्याची सत्ता या समजुतीवर उभी आहे. त्याच्या हुकुमतीखालील जंगल पेट्रोलच्या शिपायांनीही आपला सेनापती कधी पाहिलेला नसतो. कायद्याच्या चौकटीबाहेरून न्याय करणाऱ्या नायकांच्या परंपरेत हे वैशिष्ट्य फारसे आढळत नाही. येथे दहशतीपेक्षा दंतकथा अधिक काम करते.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने इंद्रजाल कॉमिक्सचे प्रकाशन आरंभिले. पुढे अमर चित्रकथेमुळे ख्यातनाम झालेले अनंत पै यांचा या आरंभकाळात सहभाग होता. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आदी भारतीय भाषांतून ही मालिका निघत असे. मराठीत फॅण्टमचा ‘वेताळ’ झाला. हे नामांतर वरवर साधे, पण परिणामाने दूरगामी ठरले. इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ भास, छायाभूत. मराठी वेताळ मात्र भुतांचा अधिपती असूनही गावाचा राखणदार आहे. कोकणात व गोव्यात तो ग्रामदेवता म्हणून पूजिला जातो. रात्री शिवेवर फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने त्याला चामडी वहाणा अर्पण केल्या जातात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरही त्याचे स्थान आहे. रात्री फिरणारा, मृत्यू नसलेला, दुष्टांना धाक घालणारा रक्षक मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. भाषांतरकाराच्या एका शब्दाने अमेरिकन नायक शिवेच्या आत आला.

या वाचकवर्गाचा सामाजिक परिसरही लक्षात घ्यावा लागतो. पुणे–लोणावळा लोहमार्गावर दापोडी व पिंपरी यांच्या मध्ये असलेले कासारवाडी हे त्याचे सोयीचे उदाहरण. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांचे कारखानदारीच्या पट्ट्यात रूपांतर झाले. ठिकठिकाणच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगार कुटुंबांतील मुलांची पहिली शाळकरी पिढी आणि मराठी इंद्रजाल ही दोन्ही याच दशकांतली. स्थानकावरील ठेला, रद्दीचे दुकान आणि हातोहात फिरणारी प्रत, असा त्या काळी या वाङ्मयाचा प्रवास असे. ग्रंथालयांच्या नोंदींत त्याचा माग लागत नाही, म्हणून संशोधकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

इंद्रजालचे प्रकाशन १९९० मध्ये थांबले. सहा वर्षांनी चित्रपट आला तेव्हा हा वाचक प्रौढ झालेला होता. नायकाची भूमिका करणाऱ्या बिली झेनविषयी त्याची तक्रार असण्याचे कारण नाही. जांभळा वेष, कवटीची अंगठी, घोडा, लांडगा, कवटीगुंफा हे सारे निष्ठेने उतरले आहे. चित्रपटाने नायकाची टवाळीही केलेली नाही. दोष कथानकात आहे. झँडर ड्रॅक्स हा खलनायक जगावर सत्ता देणाऱ्या तीन जादूच्या कवट्यांच्या मागे लागतो आणि अखेरीस नायकाची अंगठी हीच चौथी कवटी ठरते. ज्याचे सारे सामर्थ्य लोकांच्या विश्वासात होते, त्याच्या बोटात चमत्कार बसविला गेला. शपथेची जागा वस्तूने घेतली. कवटी जादूची असेल तर एकवीस पिढ्यांच्या त्यागाला अर्थ काय, हा प्रश्न चित्रपट स्वतःला विचारत नाही. सुमारे ४५ दशलक्ष डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने उत्तर अमेरिकेत जेमतेम १७ दशलक्ष डॉलर मिळविले. या अपयशाची कारणे अनेक असतील. तरीही मूळ कल्पनेवरचा अविश्वास त्यात गणावा लागेल.

अर्थात मूळ चित्रकथा निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. गोऱ्या पुरुषाने पिढ्यान्‌पिढ्या वनवासी जमातींचे पालकत्व करावे, ही कल्पना वसाहतवादाच्या मुशीतूनच निघालेली आहे. आरंभी या प्रदेशाचे नाव ‘बंगाल’ची आठवण देणारे होते आणि चाच्यांना ‘सिंग’ म्हटले जाई. भारतीय संपादकांनी प्रदेशाचे ‘डेंकाली’ केले, चाच्यांचे ‘सिंगा’ केले. स्वातंत्र्यानंतरच्या वाचकाला खटकणारे ते त्यांनी निमूटपणे पुसले, मात्र पालकत्वाची चौकट तशीच ठेवली. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ हा इंद्रजालचाच नायक त्या चौकटीबाहेर पडला. चंबळच्या डाकूंशी लढताना तो नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. ‘द फॅण्टम’च्या निर्मात्यांनीही ‘सिंग’ हे नाव टाळून ‘सेंग’ केले. मुंबईच्या संपादकांनी जी दुरुस्ती १९६४ नंतरच्या काळातच करून ठेवली होती, ती हॉलिवूडने १९९६ मध्ये केली.