मुंबईतील फियाट-पद्मिनी मोटारी : दुरुस्ती, फेरबदल आणि सुट्या भागांचा व्यापार (१९५४–२०२३)

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा परवाने, परकीय सहकार्याचे करार आणि कारखान्यांतील उत्पादन यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. मोटार कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की अभ्यासकाचे तिच्याकडील लक्ष संपते. वस्तुतः ज्या देशात एकच मोटार पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर धावत राहिली, त्या देशात तिचे खरे आयुष्य गॅरेज, लेथची दुकाने आणि भंगार बाजार यांतच गेले. प्रस्तुत लेखात मुंबईतील फियाट ११०० व तिचीच पुढील रूपे असलेल्या प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी या छोट्या मोटारींच्या संदर्भात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. १९५३ च्या सुमारास केंद्र सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना थारा न देण्याचे धोरण स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी भारतातून काढता पाय घेतला आणि देशी उत्पादनाची हमी देणाऱ्या मोजक्या कंपन्याच शिल्लक राहिल्या. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या सहकार्यातून १९५४ पासून फियाट ११०० भारतात तयार होऊ लागली. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी तिची रूपे निघाली. गोलसर पाठीच्या या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. ते कंपनीच्या कोणत्याही माहितीपत्रकात नसले तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तेच चालते. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७२ पासून तिला प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हटले जाऊ लागले. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्येच संपली होती. कुर्ल्यात मात्र १०८९ घनसेंटिमीटरचे तेच चार सिलिंडरचे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिले.

दुरुस्तीच्या अर्थकारणाचे मूळ या दीर्घ सातत्यात आहे. मागणीच्या मानाने उत्पादन तोकडे होते. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती वैधानिक नियंत्रणाखाली आणल्या आणि त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा परिस्थितीत जुनी गाडी मोडीत काढणे हा व्यवहार्य पर्याय नव्हता. ती पुन्हा उभी करणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. दुसरीकडे, मूळ रचना दशकानुदशके फारशी न बदलल्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसण्याची शक्यता मोठी होती. अर्थात ही अदलाबदल सरसकट नव्हती. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूने बिजागरलेले असत, तर डिलाइटपासून ते पुढच्या बाजूने बिजागरले जाऊ लागले. कोणता भाग कोठे बसतो, कोठे कानस मारून बसवता येतो आणि कोठे मुळीच बसत नाही, याचे ज्ञान हेच मिस्त्रीचे भांडवल होते. हे ज्ञान लिखित स्वरूपात नव्हते. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसणाऱ्या, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुणाऱ्या मुलाला ते वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून मिळत असे.

इंजिनाचे काम हा या कौशल्याचा गाभा होय. सिलिंडर झिजला, गाडी तेल खाऊ लागली आणि धूर ओकू लागली की ब्लॉक बोअरिंगच्या दुकानात जाई. तेथे सिलिंडर किंचित मोठा करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन व रिंगा बसवल्या जात. असे काही वेळा केल्यावर भिंत पातळ होऊन आणखी बोअर करणे अशक्य झाले, तरी ब्लॉक टाकून दिला जात नसे. त्यात लाइनर ठोकून तो पुन्हा मूळ मापावर आणला जाई. एकच ब्लॉक अशा रीतीने अनेक आयुष्ये जगत असे. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यांचे बुश सैल झाले की लेथवर नवे कातून घ्यावयाचे, किंगपिन बदलावयाची, खालचा पत्रा मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील तुंबलेल्या पाण्याने कुजला की तेवढाच कापून नवा जोडावयाचा. या गाडीला वेगळी चेसी नसल्याने पत्र्याचे हे काम केवळ सजावटीचे नव्हते. सांगाड्याचे बळच त्यावर अवलंबून असे आणि येथे केलेली हयगय जिवावर बेतू शकत असे.

सुट्या भागांचा व्यापार शहराच्या ठरावीक भागांत एकवटला होता. ऑपेरा हाउसच्या परिसरातील दुकानांत नवा माल, तर भेंडीबाजारालगतचा चोरबाजार आणि कुर्ल्यातील भंगाराच्या गल्ल्या येथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळत. पुण्यात नाना पेठ व जुना बाजार यांनी हेच काम केले. गिऱ्हाईकापुढे कंपनीचा, लोकल आणि जुना असे तीन पर्याय असत. यांतील सर्वांत स्वस्त तो सर्वांत वाईट, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. मोडीतील गाडीतून काढलेला कंपनीचा जुना भाग नव्या लोकल भागापेक्षा अधिक टिकाऊ असल्याचा अनुभव अनेक मिस्त्री सांगत. चोरीच्या मालाचा संशय या व्यापारावर कायम राहिला आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. तथापि केवळ त्या एका नजरेतून या बाजाराकडे पाहिल्यास भाग ओळखण्याची, वर्गवारी करण्याची आणि पुन्हा उपयोगात आणण्याची त्याची क्षमता दुर्लक्षित राहते.

फेरबदलांचे स्वरूप मालकाच्या गरजेनुसार पालटत असे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींसाठी काही हौशी मंडळींनी याच इंजिनाची ताकद वाढवली. मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा प्रश्न वेगाचा नसून इंधनखर्चाचा होता. म्हणून खर्च वाचविण्यासाठी डिझेल इंजिने बसवली गेली. पुढे प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणणे भाग पडले. अर्ध्या शतकापूर्वी पेट्रोलसाठी आखलेल्या इंजिनावर नवी यंत्रणा चढवावी लागली. सिलिंडरने डिकी व्यापली, प्रवाशांचे सामान टपावरील कॅरिअरवर गेले. वायूचे ज्वलन संथ असल्याने इग्निशनचे टायमिंग पुढे घ्यावे लागे. हा बदल न्यायालयाच्या आदेशाने झाला असला, तरी तो रोजच्या चालण्यात निभावून नेला तो गल्लीतल्या मिस्त्रींनी.

कायद्याची भूमिका येथे विचारात घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ हे वाहनातील फेरबदलांविषयी आहे. २००० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई झाली, मात्र इंधनबदलासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास मुभा राहिली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने या निर्बंधांमागील हेतू रास्त आहे. परंतु ज्या गाडीचा उत्पादकच उरलेला नाही, तिच्या बाबतीत ‘मूळ तपशील’ कोणी सांभाळावयाचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही.

१९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने खाजगी ग्राहक हळूहळू खेचून घेतला आणि अधिकृत सेवा केंद्रांची नवी सवय लावली. टॅक्सीच्या धंद्यात मात्र पद्मिनीचे वर्चस्व आणखी दोन दशके टिकले. टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा २०१३ मध्ये लागू झाल्यावर ती झपाट्याने कमी झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. या काळात मोडीत गेलेल्या टॅक्सींचे भाग खाजगी संग्राहकांकडे वळले. जो दरवाजा एकेकाळी दुसऱ्या टॅक्सीला लागला असता, तो आता हौसेने जपलेल्या गाडीसाठी शोधला जातो.

या संग्राहकांपुढे एक वेगळीच अडचण उभी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली गाडीच या वर्गात मोडते. पहिल्या पद्मिनी २०२४ पासून वयाची ही अट पूर्ण करू लागल्या. परंतु त्यांपैकी ज्या गाड्या धावत्या राहिल्या, त्यांतील अनेकींचा खालचा पत्रा कापून जोडलेला आहे, इंजिन दुसऱ्या गाडीतून आलेले आहे आणि दरवाजे कुर्ल्याच्या एखाद्या गल्लीतून. अशा गाडीच्या नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक खोडून त्यापुढे दुसरा क्रमांक व नोंदणी अधिकाऱ्याची सही आढळते. ज्या मिस्त्रीने ते इंजिन बसवले, त्याची नोंद त्या पुस्तकात कोठेही नसते.