हवेची बंदूक : खुडबूड आणि मौज



छंद लागलेल्या माणसांत दोन जाती सर्वत्र आढळतात. एकाला वस्तु वापरण्यांत आनंद वाटतो, तर दुसर्‍याला ती उघडण्यांत. घड्याळ, सायकल, कॅमेरा, हार्मोनियम, कोणतीहि वस्तु घ्या. तिच्याभोंवतीं ह्या दोन्ही जाती जमलेल्या दिसतील. एक तंबोरा जुळवून गाऊं लागतो, आणि दुसरा रात्रभर तंबोराच जुळवीत बसतो. हा जुनाच वाद आज मला हवेच्या बंदुकीच्या इतिहासांतून मांडावयाचा आहे. जत्रेंतल्या फुग्यांच्या दुकानावर जिच्याशीं आपल्यांतील बहुतेकांची पहिली ओळख होते, ती ही छर्‍याची बंदूक. तिच्या इतिहासाचा, माझ्या मतें, एक विशेष आहे. प्रारंभीं खुडबूड हा छंद नव्हताच. ती बंदुकीची एक गरज होती. उघडल्यावांचून आणि डागडुजी केल्यावांचून बंदूक चालतच नसे. तिच्यापासून निव्वळ मौज घेण्याची सोय पुष्कळ मागाहून झाली, आणि ती झाल्यावरच बंदुकीला हात लावावा कीं न लावावा, हा प्रश्न उत्पन्न झाला.

दारूऐवजीं दाबलेल्या हवेनें गोळी फेकावी ही कल्पना फार जुनी आहे. स्टॉकहोम येथील राजशस्त्रागाराच्या संग्रहालयांत सुमारें १५८० सालची, भात्याच्या तत्त्वावर चालणारी एक बंदूक आहे. पुढें दोन शतकें अशा बंदुका राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत आणि विद्वानांच्या प्रयोगशाळांत राहिल्या. त्यांना रणांगणावर आणण्याचें धाडस केलें तें ऑस्ट्रियानें. सुमारें १७८० सालीं त्या सैन्यानें जिरार्डोनी नांवाच्या टायरोलकडील कारागिराची बंदूक स्वीकारली.

ह्या बंदुकीची रचना अशी. तिचा दस्ता हीच हवेची टांकी. ही लोखंडी टांकी हातपंपानें भरावयाची आणि बंदुकीला पिळून बसवावयाची. ती पूर्ण भरण्यास पंपाचे सुमारें १५०० हेलकावे द्यावे लागत. एवढे श्रम झाल्यावर मात्र सैनिकाच्या हातीं त्या काळचा एक चमत्कारच येई. नळीला लागून असलेल्या नळकांड्यांत वीसएक गोळ्या भरलेल्या असत, आणि एक आडवा ठोकळा अंगठ्यानें सरकविला कीं पुढची गोळी जागेवर येई. धूर नाहीं, जाळ नाहीं, पावसानें दारू भिजण्याची भीति नाहीं. इतर पलटणींतील शिपाई उभा राहून एकेक गोळी नळीच्या तोंडांतून ठांसत असतां, हा पडल्या पडल्या गोळ्यांमागून गोळ्या झाडूं शके.

असें असून १८१५ च्या सुमारास ही बंदूक सैन्यांतून नाहींशी झाली होती. तिचीं टांकीं बनविणें कठीण, सांध्यांतून हवा निसटे, कातड्याचे वॉशर ओले ठेवावे लागत, आणि बिघडलेली बंदूक दुरुस्त करण्यास शिकविलेला कारागीरच लागे. शिपायाला बंदूक पाहिजे होती, आणि बंदुकीला मात्र घड्याळजी पाहिजे होता. हा संसार फार दिवस टिकणें शक्य नव्हतें.

परंतु ह्याच प्रकारची एक बंदूक समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली, आणि तिची हकीकत आपल्या आजच्या विषयाला फारच जवळची आहे. १८०३ सालीं अध्यक्ष जेफर्सन ह्यांनीं मेरिवेदर लुइस ह्या तरुण कॅप्टनला खंडाच्या पश्चिम किनार्‍यापर्यंत वाट शोधण्याच्या कामगिरीवर पाठविलें. त्याच्या सामानांत एक हवेची बंदूक होती. ३० ऑगस्ट १८०३ रोजीं पिट्सबर्गहून नाव हांकारल्यावर, पहिल्याच मुक्कामीं त्यानें ती कांहीं लोकांना दाखविली. पाहणार्‍यांपैकीं एकानें ती हातांत घेतली. त्याला तिची कळ ठाऊक नव्हती. बंदूक सुटली आणि सुमारें ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपींतून गोळी आरपार जाऊन तिचें कानशील कापीत गेली. ती रक्तबंबाळ होऊन पडली. ती मेलीच असें क्षणभर सर्वांस वाटलें. सुदैवानें जखम खोल नव्हती. हवेच्या बंदुकीस खेळणें समजणार्‍यांनीं ही तारीख लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर दहाच दिवसांच्या आंत, व्हीलिंग ह्या गांवीं, टॉमस रॉडनी नांवाच्या न्यायाधिशानें लुइसची नाव पाहिली आणि ती भेट आपल्या रोजनिशींत टिपून ठेवली. लुइसनें मोठ्या हौसेनें बंदूक भरली, आणि पहिल्याच बारांत सगळी हवा निघून गेली. पुन्हां भरली, दोन बार झाले. मग त्यानें बिघाड शोधला, गळती थोडीफार थांबविली, तेव्हां सात बार झाले. बंदूक ठीक असली म्हणजे मिनिटांत २२ बार करते, हें रॉडनीनें शेवटीं नमूद केलें आहे. असें आश्वासन प्रत्येक खुडबुड्यानें आपल्या पाहुण्यांना कधीं ना कधीं दिलेलें असतें!

पुढील प्रवासांत हीच कथा चालू राहिली. १० जून १८०५ रोजीं जॉन शील्ड्स नांवाच्या शिपायानें बंदुकीची मुख्य स्प्रिंग नवी बसविली. हा मनुष्य कोणत्याहि धंद्याची रीतसर उमेदवारी न करतां लांकूड आणि धातु ह्यांचें उत्तम काम करी, आपलीं हत्यारेंहि बहुतेक स्वतःच बनवी, आणि लुइसनें त्याची मनापासून वाखाणणी केली आहे. दोन महिन्यांच्या आंतच, ऑगस्टच्या ७ तारखेस, लुइसला ती बंदूक पुन्हां नीट करावी लागली. नेम धरावयाच्या खुणा धक्क्यानें सरकल्या होत्या. आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शोशोनी लोकांसमोर ती झाडून दाखविली तेव्हां धुरावांचून सुटणारी ही बंदूक त्यांना दैवी शक्तीचा प्रकार वाटली. पाहणार्‍यांच्या वांट्यास आश्चर्य आलें. स्क्रू आणि स्प्रिंगा आल्या त्या शील्ड्सच्या वांट्यास.

ह्या दोघांची फारकत केली ती कारखान्यांनीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगन प्रांतांतील प्लिमथ गांवीं लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी होती. क्लॅरेन्स हॅमिल्टन ह्या गृहस्थानें तिला एक साधी धातूची हवेची बंदूक करून दिली. प्रथम ती पवनचक्की घेणार्‍या शेतकर्‍यास वर भेट म्हणून मिळे. लौकरच लोक बंदूकच मागूं लागले, आणि १८९५ सालीं कंपनीनें पवनचक्कीचें नांव टाकून बंदुकीचें 'डेझी' हें नांव धारण केलें. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज ह्यांच्या १९०४ सालच्या पेटंटावरून बी. एस्. ए. कंपनी उत्कृष्ट बंदुका बनवूं लागली. त्या भागांतील पानगृहांतून नेमबाजीचे संघ निघाले. लोखंडी पत्र्याला बोट जेमतेम शिरेल एवढें भोंक, आणि त्यामागें घंटा. छर्रा भोंकांतून गेला कीं घंटा वाजे. दिवसभर कारखान्यांत यंत्रांशीं झुंजलेल्या ह्या कामगारांना संध्याकाळीं आणखी एक यंत्र उघडण्याची हौस नसावी, हें मला अगदीं स्वाभाविक वाटतें. त्यांना घंटेचा नाद पुरेसा होता.

ह्या नव्या बंदुकींत हवा आधीं भरून ठेवलेली नसते. नळी मोडून किंवा दांडा ओढून एक जाड स्प्रिंग दाबून अडकवावयाची. चाप ओढला कीं स्प्रिंग दट्ट्याला वेगानें पुढें ढकलते, त्याच्यापुढील हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. रचना सोपी, पण हिचा एक खट्याळ स्वभाव आहे. छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच बंदूक मागें आणि पुढें असे दोन धक्के खाते. म्हणून तिला घट्ट आवळून धरणाराचा नेम चुकतो. सैल, आणि दर वेळीं सारख्याच हातानें धरणाराचा लागतो. हें गुपित ज्याला कळत नाहीं तो दोष बंदुकीला देतो. मग स्क्रू पिळणें, स्प्रिंग बदलणें, चाप घांसून हलका करणें, असे उद्योग सुरू होतात. शंभर छर्रे शांतपणें झाडले असते तर जें हाताला समजलें असतें, तें तो स्क्रूड्रायव्हरकरवीं शोधूं पाहतो. चाप अति घांसल्यानें बंदूक नुसत्या धक्क्यानेंहि सुटूं शकते, आणि मग त्या पिट्सबर्गजवळच्या स्त्रीची आठवण करावी लागते.

तेलाची गोष्ट तर ह्याहून बोधप्रद आहे. हवा एकाएकीं दाबली कीं तापते. सायकलचा पंप मारतांना हें प्रत्येकानें अनुभवलें आहे. डीझेल एंजिनांत तेल पेटतें तें ह्याच उष्णतेनें. छर्‍याच्या बंदुकींत कोणी चार थेंब तेल जास्त सोडलें कीं तेंहि असेंच पेटतें, मोठा आवाज होतो, छर्रा पूर्वीपेक्षां जोरानें जातो, आणि मालक आपण शोध लावला म्हणून खूष होतो. थोड्याच दिवसांत स्प्रिंग तुटते किंवा वॉशर जळून जातो. अशा वेळीं 'म्हणून म्हणत होतों, हात लावूं नका' असें सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचें म्हणणें येथवर खरेंहि असतें.

परंतु इंग्लंडांतील कार्ड्यू पितापुत्र एवढ्यावर थांबले नाहींत. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं असा विचार केला कीं, जास्त तेलानें स्फोट होतो हें ठीक. पण नेहमींच्या, सुस्थितींतील बंदुकींत काय होतें? त्यांनीं बंदुकीभोंवतींची व आंतली हवा काढून तेथें नायट्रोजन वायु भरला. नायट्रोजनांत तेल जळूं शकत नाहीं. तेव्हां छर्‍याचा वेग पुष्कळच उतरला. म्हणजे चांगली बंदूकसुद्धां वंगणाचा अत्यल्प अंश जाळून आपल्या जोराचा कांहीं भाग मिळवीत होती, आणि हें तोंवर फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें होतें. ही देखील खुडबूडच! मात्र ह्या दोघांनीं एका वेळीं एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक बाराचा वेग मोजला. माझा पक्षपात कोणाकडे आहे हें आपणांस एव्हांना समजलें असेल. बंदूक उघडण्याबद्दल माझी तक्रार नाहीं. न मोजतां उघडण्याबद्दल आहे. पहिले शंभर छर्रे कोठें लागले तें ज्यानें लिहून ठेवलें नाहीं, त्याला आपली बंदूक सुधारली कीं बिघडली हें कशावरून समजणार?

शक्ति वाढविण्याची हौस पुढें कायद्यानेंहि आवरली गेली. इंग्लंडांत हवेच्या रायफलीला १२ फूट-पाउंडांची आणि जर्मनींत ७.५ ज्यूलची मर्यादा आहे. तिच्यावर गेल्यास परवाना लागतो. तेव्हां तेथील जाणत्या हौशी लोकांचें लक्ष जोराकडून सारखेपणाकडे वळलें. दरम्यान ज्या धक्क्याशीं हौशी लोक झगडत होते, तो जर्मन कारखानदारांनींच नाहींसा केला. एकानें परस्परविरुद्ध दिशांना धांवणारे दोन दट्टे बसविले. फाइनवेर्कबाउनें १९६१ सालच्या रायफलींत सगळें यंत्रच रुळांवर मागें सरकूं दिलें. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हवेच्या रायफलीचा ऑलिंपिकमध्यें प्रवेश झाला. अंतर १० मीटर, आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटरांचा, तेव्हां हा ठिपका म्हणजे पेन्सिलीचें टोंक टेकवावें एवढाच. ह्याच खेळांत मुंबईशेजारच्या सुमा शिरूर ह्यांनीं २००४ सालीं क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेंत ४०० पैकीं ४०० गुण मिळविले.

आणि २००८ च्या ११ ऑगस्टला बीजिंग येथें अभिनव बिंद्रा अंतिम फेरीपूर्वींचे चांचणीचे छर्रे झाडूं लागले, तेव्हां पहिलाच छर्रा मध्यापासून भलताच दूर गेला. सकाळपासून जुळविलेल्या रायफलीची नेमाची खूण सरकलेली होती. हातांत मिनिटें थोडीं. अशा वेळीं रायफल हें ज्याला केवळ आनंदाचें साधन असतें तो गोंधळतो, आणि ज्याला सारखें फिरवीत बसण्याची संवय असते तो दहा गोष्टी एकदम फिरवितो. त्यांनीं खूण मोजून परत आणली आणि मग तिला स्पर्श केला नाहीं. शेवटच्या छर्‍यास १०.८ गुण पडले आणि भारताला वैयक्तिक स्पर्धेंतलें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालें.

आतां लुइसच्या बंदुकीचें पुढें काय झालें, तेवढें सांगावयाचें राहिलें. ती कोणत्या कारागिराची ह्याबद्दल विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. पुष्कळांचा कौल फिलाडेल्फियाच्या ल्यूकन्स ह्याच्या बाजूनें असे. रॉडनीच्या रोजनिशींतील २२ बारांनीं तें मत डळमळलें, कारण ल्यूकन्सच्या बंदुकींत एका वेळीं एकच गोळी जाई. रॉबर्ट बीमन ह्या अमेरिकन संग्राहकाकडे एक जिरार्डोनी बंदूक होती. तिच्यावरून नव्या प्रती बनविण्यासाठीं ती उघडली, तेव्हां आंतल्या भागांवर दुरुस्तीच्या खुणा सांपडल्या. मुख्य स्प्रिंग मूळची नव्हती, ती एखाद्या जुन्या कानशीपासून घडविलेली दिसत होती. हीच शील्ड्सनें बसविलेली स्प्रिंग, असें बीमन ह्यांचें म्हणणें. तें सर्वांनींच मान्य केलेलें नाहीं. ती बंदूक त्यांनीं पुढें अमेरिकन सैन्याच्या कार्लाइल येथील संस्थेस देऊन टाकली.