चाळीसगाव : स्थानिक राजकारण आणि मतदानाचे स्वरूप

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले तालुक्याचे ठिकाण असून, तितूर आणि डोंगरी या नद्यांच्या काठी वसलेले हे शहर मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील, धुळ्याकडे फाटा फुटणारे जंक्शन म्हणून वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९७ हजार होती. येथील मतदार लोकसभेला पक्षाकडे, विधानसभेला उमेदवाराकडे आणि नगरपालिकेला गटाकडे पाहून कौल देतो, असे अलीकडच्या निकालांवरून दिसते. त्यामुळे एका निवडणुकीच्या आकड्यांवरून दुसरीचा अंदाज बांधणे येथे धोक्याचे ठरते.

चाळीसगाव विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि २००४ साली तो भारतीय जनता पक्षाचे साहेबराव घोडे यांनी जिंकला होता. राखीव जागेवरील आमदार आणि तालुक्यातील सहकारी व शिक्षण संस्थांवर पकड असलेली मराठा घराणी अशी सत्तेची दोन केंद्रे त्या काळात शेजारी शेजारी नांदली. याच गावात १९२९ साली, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून धुळ्याहून परतणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला होता आणि सराव नसलेल्या माणसाने हाकलेला टांगा उलटून ते जखमी झाले होते. ज्या गावाच्या स्मृतीत ही घटना आहे, तेथे राखीव जागेला केवळ प्रशासकीय सोय मानणे अपुरे होईल. २००९ पासून चाळीसगाव खुला झाला आणि जिल्ह्यातील अनुसूचित जातींची राखीव जागा भुसावळकडे गेली.

खुल्या झालेल्या मतदारसंघात २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे राजीव देशमुख, तर २०१४ साली भाजपचे उन्मेष पाटील निवडून आले. २०१९ चे वर्ष या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. त्या उन्हाळ्यात उन्मेष पाटील जळगाव लोकसभा मतदारसंघातून चार लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले; परंतु अवघ्या काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी सोडलेल्या विधानसभेच्या जागेवर त्याच पक्षाचे मंगेश चव्हाण यांना राजीव देशमुखांविरुद्ध सुमारे चार हजार मतांनीच जिंकता आले. लोकसभेचे मताधिक्य सहा विधानसभा क्षेत्रांचे मिळून असते हे लक्षात घेतले, तरी पक्षाला मिळालेली मते स्थानिक पातळीवर आपोआप उमेदवाराच्या पदरात पडत नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. २०२४ मध्ये उन्मेष पाटील शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षात गेले आणि विधानसभेला चव्हाणांसमोर उभे राहिले. तेव्हा चव्हाण मोठ्या फरकाने विजयी झाले.

‘गट’ म्हणजे एखाद्या नेत्याभोवती जमलेले आणि पक्ष बदलला तरी सहसा न विस्कटणारे कार्यकर्त्यांचे जाळे. त्याचा पाया विधिमंडळात नसून गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, कृषी उत्पन्न बाजार समिती, चाळीसगाव एज्युकेशन सोसायटी व राष्ट्रीय सहकारी शिक्षण प्रसारक मंडळ यांसारख्या संस्था आणि जिल्हा पातळीवर दूध संघ व जिल्हा बँक यांच्या निवडणुकांत घातला जातो. या लढती पॅनल करून, म्हणजे पक्षाचे चिन्ह बाजूला ठेवून उमेदवारांचा एकत्रित संच उभा करून होतात, आणि एरवी परस्परांचे विरोधक असलेले नेतेही एका पॅनलमध्ये दिसतात. मंगेश चव्हाण यांनी २०२२ साली जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत संघाच्या माजी अध्यक्षा मंदाकिनी खडसे यांचा पराभव केला आणि पुढे ते संघाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तालुक्याच्या आमदाराचा प्रभाव जिल्हाभर पोहोचला. कर्जपुरवठा, दुधाचा भाव, शिक्षकांच्या नेमणुका हे घरोघरचे प्रश्न या संस्थांशी बांधलेले असल्याने मतदाराची त्यांच्याशी असलेली जवळीक समजण्याजोगी आहे. तीच जवळीक त्याच्या स्वातंत्र्यावर दडपणही आणते, हेही नाकारता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका कायद्याने पक्षचिन्हावर होत नाहीत. तेथे भावकी, वाडी आणि बंजारा तांडा यांचा एकत्रित निर्णय महत्त्वाचा असतो. गिरणेवरील जामदा बंधाऱ्याच्या कालव्यांचे किंवा मन्याड धरणाचे पाणी कोणत्या शिवाराला मिळते, यावरही गावांचा कल फिरतो.

शहरात देशमुख गटाची शहर विकास आघाडी आणि भाजप यांच्यात प्रमुख लढत राहिली. २०१६ साली नगराध्यक्षाची थेट निवडणूक आणि बहुसदस्यीय प्रभाग या दोन्ही पद्धती एकत्र आल्या. नगराध्यक्षाला एक आणि प्रभागातील प्रत्येक जागेला एक असे मत द्यायचे असल्याने एकाच मतदाराला आपला कौल दोन पक्षांत विभागता आला. भाजपच्या आशालता चव्हाण नगराध्यक्षा झाल्या, तर आघाडी सभागृहात प्रबळ राहिली. थेट निवडलेला अध्यक्ष आणि सभागृहातील संख्याबळ यांत असा ताण निर्माण होणे हा त्या पद्धतीचाच परिणाम होय. या सदनाची मुदत संपल्यावर इतर मागास वर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने राज्यभर निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेला. ३१ ऑगस्ट २०२१ च्या महापुराने नदीकाठच्या वस्त्या आणि बाजारपेठेचे मोठे नुकसान केले होते; पूररेषा, पूल आणि अतिक्रमणे यांवर प्रभागात जाब विचारता येईल असा नगरसेवक सदनाची मुदत संपल्यानंतरची काही वर्षे शहराला नव्हता.