सक्ती हजेरीची

आमच्या घरात शाहू महाराजांच्या शिक्षणाच्या कायद्याची गोष्ट दंडाच्या रुपयापासून सुरू व्हायची. पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. पणजोबांनी तो एकदा भरला होता. गुऱ्हाळाचे दिवस, चुलवाणात जळण सारायला माणूस मिळेना, म्हणून थोरल्याला घरी ठेवला आणि चावडीवरून बोलावणं आलं. आजोबा हे सांगायचे तेव्हा आवाजात बापावरचा राग असायचा की राजाचा अभिमान, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कायदा 1917 चा. 1918 च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीपासून त्याची सुरुवात झाली. बडोद्यासारखे मोजके अपवाद सोडले तर सक्तीचं शिक्षण तेव्हा ठरावांत आणि भाषणांतच भेटायचं.

पोरं शाळेत आली. आल्यावर त्यांच्या तोंडून काय वदवून घ्यायचं, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो अजून भिजत पडलेला आहे.

महाराजांना तो स्वतःला भेटला होता, पण उलट्या बाजूनं. 1899 च्या कार्तिकात ते पंचगंगेवर स्नानाला गेले. नारायण भटजी आंघोळ न करताच मंत्र म्हणत होते. सोबत राजारामशास्त्री भागवत होते, त्यांनी हे मंत्र वेदोक्त नव्हेत, पुराणोक्त आहेत, हे ध्यानात आणून दिलं. भटजींना विचारलं तर उत्तर आलं की शूद्रांना पुराणोक्तच, आणि त्यासाठी आंघोळीची गरज नाही. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे: वेदोक्ताचा वाद पेटला, राजोपाध्यांची वतनं गेली, टिळक महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. पणजीचं मत मात्र वेगळं होतं. “कार्तिकातलं पाणी गार लागलं आसंल भटाला,” ती म्हणायची, “त्यातनं एवढं रामायण झालं.”

राजाला हवा तो मंत्र मिळत नव्हता. शाळेतल्या पोराला नको तो म्हणावा लागतो. मला ही एकाच दुखण्याची दोन टोकं वाटतात. माणसाच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये तिसराच कुणी बसून ठरवतो.

महाराजांनी यावर काढलेली एक वाट आजही कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून बघता येते. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. शहरात मराठ्यांचं, लिंगायतांचं, अस्पृश्य मुलांसाठी 1908 चं मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येकाचा स्वयंपाक आपला, प्रार्थना आपली. 1906 मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी जी संस्था निघाली तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. बोर्डिंगात हे जमून गेलं. पण 1919 मध्ये त्यांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत, एका रांगेत आणलं. मग त्या रांगेत कुणाची प्रार्थना म्हणायची? त्याच वर्षी त्यांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिलं. इथं मला महाराजांशी थोडं भांडावंसं वाटतं. पुरोहिताची मक्तेदारी मोडायला आर्य समाज हे धारदार हत्यार होतं, कबूल. पण संस्थानाचं कॉलेज एका धर्मपंथाच्या हाती सोपवणं ही काही सगळ्यांसाठीची वाट नव्हे.

वाट मिशनवाल्यांनाही सापडली नव्हती. रॉयल गूल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आला आणि शाळा काढत सुटला. आमच्या आजीच्या थोरल्या बहिणीनं मिशनच्या शाळेत दोन-चार वर्षं काढली होती. पहिला तास बायबलचा. घरच्यांनी सांगून ठेवलेलं, “ऐकायचं, पण मनावर घ्यायचं न्हाई.” तिनं ऐकलं, आणि तिच्याकडून आजीनं. उधळ्या मुलाची गोष्ट मी पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकली. त्यात पोरगा डुकरं राखून, हाल काढून परत येतो तेव्हा बाप वासरू नव्हे, बोकड कापतो आणि गल्लीला तांबडा-पांढरा वाढतो. येशू ख्रिस्त कुठून आला, कुठं गेला, आजीला पत्ता नव्हता. बोकड मात्र चांगला पोसलेला होता.

गोष्टींना आजीची हरकत कधीच नसायची. हरकत शपथेला. आमच्याकडं बेलभंडारा उचलणं ही गंमत नव्हती. भाऊबंदकीचा तंटा टोकाला गेला, पंचांचं डोकं चालेना, की मग देवळात जाऊन माणूस बेलभंडारा उचलायचा. त्यानंतर माघार नाही. खोटं उचलणाऱ्याच्या घरात पुढं काय काय झालं, याच्या कथा गावात पिढ्यान्पिढ्या चालायच्या. त्यामुळं शाळेत रोज सकाळी पोरं प्रतिज्ञा घेतात हे कळल्यावर आजी चपापली. “रोज? लेकरांच्या तोंडनं? आवं, शपथ एकदा घ्यायची आसती. रोज घिऊन ती पातळ हुती.”

ती प्रतिज्ञा लिहिली विशाखापट्टणमच्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, 1962 मध्ये, तेलुगूत. ते तिथं जिल्हा कोषागार अधिकारी होते. चीनच्या युद्धाचं वर्ष. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळानं 1964 मध्ये, शिक्षणमंत्री छगला अध्यक्ष असताना, ती देशभरच्या शाळांसाठी घेतली आणि 1965 च्या 26 जानेवारीपासून ती सुरू झाली. तिच्यात कुठल्याही देवाचं नाव नाही, हे सुब्बारावांचं मोठेपण. पण देवाचं नाव नसलं तरी शपथ ती शपथच, असं मानणारी माणसं जगात आहेत. आमच्या आजीला ती लगेच समजली असती.

राज्यघटनेला ती समजलेली आहेत. मंत्री शपथ घेतो तेव्हा ईश्वरसाक्ष म्हणायचं की गांभीर्यपूर्वक, हे तो निवडतो. ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक 1880 मध्ये पार्लमेंटवर निवडून आला, पण शपथेच्या वादात त्याला सहा वर्षं जागेवर बसू दिलं नाही. शेवटी 1888 मध्ये त्यानंच कायदा बदलून घेतला आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेसला पाहुणा म्हणून आला. मंत्र्याला निवड आहे. दुसरीतल्या पोराला कुणी विचारतही नाही.

केरळात तिघा भावंडांनी विचारायला लावलं. दहावी, नववी आणि पाचवीतली ही मुलं यहोवाचे साक्षीदार या पंथातली. राष्ट्रगीताला ती ताठ उभी राहायची, फक्त म्हणायची नाहीत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं: गायलाच हवं असा कायदा कुठंच नाही, उभं राहिलं की मान राखला गेला. याच पंथाची मुलं अमेरिकेत झेंडावंदनाच्या सक्तीवरून 1940 मध्ये हरली होती आणि 1943 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, जिंकली. तिथला झेंडावंदनाचा जुना प्रघात म्हणजे उजवा हात ताठ पुढं करायचा. तो हिटलरच्या सलामीसारखा दिसायला लागला म्हणून 1942 च्या डिसेंबरात त्यांनी हात छातीवर आणला. आपल्या शाळांत प्रतिज्ञेला हात अजून तसाच समोर, खांद्याच्या रेषेत.

नाशिकचा दाखला तर आपल्या अंगणातला, आणि त्यात हात जोडण्याचा प्रश्न होता. एक शिक्षक प्रार्थनेला आदरानं उभे राहायचे, हात जोडत नव्हते. त्यापायी त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. शाळा सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची, याला काय म्हणावं! 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की हात जोडायची सक्ती मूलभूत हक्काच्या आड येते. घटनेचं 28 वं कलम हेच म्हणतं: शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात वा उपासनेत ओढायचं नाही. या कलमावर डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत बाजू मांडायला उभे होते डॉ. आंबेडकर. 1920 च्या माणगाव परिषदेत शाहू महाराज ज्यांच्या शेजारी बसले होते, तेच.

मला यात एक सरळ हिशेब दिसतो. ज्या सरकारनं कायद्यानं पोराला शाळेत ओढून आणलं, त्याच्यावर पोराच्या जिभेला हात न लावण्याची जबाबदारी जास्त. रुपया दंड हजेरीसाठी होता. हजेरी लागली की राजाचं देणं फिटलं. उरलेलं शिकवून मिळवायचं असतं, आणि शिकवणं हे वदवून घेण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, म्हणून तर वदवून घ्यायचा मोह होतो.

आत्या पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात शिक्षिका होती. प्रतिज्ञा नवी होती तेव्हा. बारकी पोरं हात समोर धरून दमायची, एका हातानं दुसऱ्याला खालून टेकू द्यायची, मागची पुढच्याच्या खांद्यावर पंजा ठेवून मोकळी व्हायची. त्यांत एक मुलगी हात खालीच ठेवून, ओठ मिटून उभी असायची. तिचा बाप कारखान्यात फिटर, ख्रिस्ती. पहिल्याच आठवड्यात येऊन सांगून गेला, “बाई, पोरगी उभी राहील. शपथ आमच्यात चालत न्हाई. मारू नका.” आत्यानं मारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. वर्गातल्या पोरांनी दोन दिवस कुजबूज केली, मग विटीदांडूत विसरली.

एकदा शाळा तपासणारे दिपोटीसाहेब ऐन प्रार्थनेच्या वेळी आले. रांगेतून फिरले, मुलीपाशी थांबले, आत्याकडं बघितलं. आत्यानं हेडगुरुजींच्या आधी तोंड उघडलं, “साहेब, रोज येती. एक खाडा न्हाई वर्षात.” साहेबांनी मान हलवली आणि वर्गात जाऊन पाढे विचारले. पंधराचा निम्म्या वर्गाला आला नाही. शेरेबुकात त्यांनी दोन ओळी लिहिल्या, दोन्ही पाढ्यांबद्दल, आणि पुढचा महिनाभर आत्यानं शाळा सुटल्यावर सगळ्यांना, त्या मुलीलाही, अर्धा तास थांबवून ते घोकून घेतले.