करवीर दरबाराची गलबते

अठराव्या शतकात मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला करवीरच्या (कोल्हापूरच्या) छत्रपतींकडे होता आणि तिथून सुटणाऱ्या गलबतांचा धाक कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना होता. गादी मात्र घाटावर: आधी पन्हाळ्यावर, १७८२ नंतर कोल्हापुरात. कोल्हापुरातल्या आजच्या शिवाजी पेठेपासून मालवण बंदर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे मालवणात रोज काय चालते, यावर दरबाराचा वचक किती राहत असेल याची शंकाच आहे.

समुद्रात फिरणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक (परवाना) घ्यावे, नाहीतर ते धरले जाईल, ही मराठी आरमारांची रीत. पोर्तुगीजांनी हाच कायदा आधीपासून चालवला होता. फ्रेंच खासगी लढाऊ जहाजेही सरकारी परवान्यावरच शत्रूचा माल लुटत. त्यांच्यापैकी रोबेर सुर्कूफने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात अवघ्या १८ तोफांच्या ‘कॉन्फियान्स’वरून इंग्रजांचे भलेमोठे ‘केंट’ जहाज पकडले ते असेच. इंग्रजांनी मालवणकरांना मात्र सरसकट चाचे ठरवले.

या किनाऱ्यावरच्या आरमारांची लढण्याची पद्धत ठरलेली होती. गलबत लहान, फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेवर पुढे तोंड केलेल्या तोफांची. वारा पडला की गलबते गुराबांना दोराने ओढत सावजाच्या पिछाडीला आणत. तोफांचा मारा डोलकाठ्या आणि शिडांवर होई. जहाज लुळे पडले की चहूबाजूंनी तलवारबहाद्दर चढत. उघड्या समुद्रात मोठ्या इंग्रजी जहाजापुढे त्यांचा निभाव लागणे कठीण, पण मालवणच्या खडकाळ उथळ पाण्यात परका तांडेल वाट काढताना घाबरे.

१७६५ मध्ये, करवीरच्या महाराणी जिजाबाईंच्या कारभारात, मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले. पण किल्ला सांभाळणे परवडेना आणि पाडणेही सोपे नव्हते. शेवटी व्यापाराला उपद्रव न देण्याचे वचन आणि पावणेचार लाखांहून अधिक रुपये घेऊन पुढच्याच वर्षी तो करवीरकरांना परत दिला. वचन फार काळ टिकले नाही. १७९२ मध्ये इंग्रजांनी पुन्हा मोहिमेची तयारी केली. तेव्हा तह झाला आणि मालवण व कोल्हापूर येथे ईस्ट इंडिया कंपनीला वखारी मिळाल्या.

फ्रेंच परवानाधारकांचा हिंदी महासागरातला मोठा तळ, मॉरिशस, १८१० मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. मालवणची पाळी दोनच वर्षांनी आली. पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याशी चाललेल्या लढायांनी करवीर राज्य खिळखिळे झाले होते. तिसऱ्या शिवाजी महाराजांनी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले कंपनीला दिले. आपल्या बंदरांत लढाऊ जहाज ठेवायचे नाही आणि सज्जही होऊ द्यायचे नाही, असे कलम त्यात होते. बदल्यात राज्याला इंग्रजांचे संरक्षण मिळाले. कर्नल लायनेल स्मिथने फौज आणून बंदराचा ताबा घेतला.