रक्ताची पहिली साक्ष

आरोपीनं गुन्हा कबूल केला की तपास संपला, असं आपण धरून चालतो. ‘कबूल’ हा शब्द निकाहाच्या वेळी मी लहानपणापासून ऐकत आलो. तिथं तो राजीखुशीनं उच्चारावा लागतो, तरच त्याला अर्थ. चौकीतल्या कबुलीत राजीखुशी किती, हे कोण सांगणार?

१९८६ साली इंग्लंडमध्ये ते एका प्रयोगशाळेनं सांगितलं.

लीस्टर विद्यापीठातले शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४च्या सकाळी क्ष-किरणांच्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या रांगा दिसल्या. प्रत्येक माणसाच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी. त्यातल्या काही आईकडून आलेल्या, काही वडिलांकडून. हाच डीएनए ठसा.

लीस्टरजवळच्या नारबरो गावात १९८३ साली आणि शेजारच्या एंडर्बीत १९८६ साली १५ वर्षांच्या एकेका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. पोलिसांनी १७ वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्यानं दुसरा खून कबूल केला, पहिला नाकारला. दोन्ही त्याचेच, हे सिद्ध व्हावं म्हणून पोलीस जेफ्रीज यांच्याकडे गेले. उत्तर उलटं आलं. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे होते, पण तो माणूस हा मुलगा नव्हता! डीएनए चाचणीमुळे सुटलेला तो जगातला पहिला आरोपी.

मग १९८७ साली आसपासच्या सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने तपासले. एकही जुळला नाही. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क यानं बेकरीतल्या सहकाऱ्याला आपल्या नावानं रक्त द्यायला पाठवलं होतं. सहकारी पबमध्ये बोलून गेला, ऐकणाऱ्या एका बाईनं पोलिसांना कळवलं. चोर सापडला तो अखेर माणसाच्या तोंडूनच. जानेवारी १९८८मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली.

पुढं तंत्र फार पुढं गेलं. २०१८ साली कॅलिफोर्नियात, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या खुनांचा आरोपी दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून सापडला. तो निघाला माजी पोलीस.

अशा बातम्या वाचताना मला मात्र तो १७ वर्षांचा मुलगा आठवतो. १९८३ साली डीएनए ठसा कुणालाच ठाऊक नव्हता. तरीही पहिल्या खुनाचा पुरावा कुणीतरी नीट जपून ठेवला. म्हणून दोन्ही गुन्ह्यांची गाठ जुळली. विज्ञान नंतर येतं; त्याच्यासाठी पुरावा सांभाळून ठेवणं, एवढं तरी आपल्या हातात असतं.